घटसर्पाच्या विषाला लोहाचं कुलूप

घटसर्पाच्या इतिहासातले मोठे टप्पे एका दमात सांगता येतात: १८८४ मध्ये लोफ्लरने जिवाणू वेगळा काढला, १८८८ मध्ये रू आणि येर्सिन यांनी त्याचं विष दाखवलं, १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी प्रतिविष. या कथेत लोह कुठून शिरलं, ती खरी गंमत.

ते शिरलं विष बनवणाऱ्यांच्या अडचणीतून. प्रतिविषासाठी आधी भरपूर विष हवं. न्यूयॉर्कमध्ये ॲना विल्यम्स यांनी मिळवलेला ‘पार्क-विल्यम्स ८’ हा वाण त्यासाठी जगभर वाढवत. पण विषाचं उत्पन्न लहरी. १९३६ मध्ये पापेनहायमर आणि जॉन्सन यांनी बोट ठेवलं ते लोहावर. जिवाणू वाढवण्याच्या रश्श्यात लिटरमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम लोह असलं की विष भरघोस. काही पटींनी वाढलं की जिवाणू धष्टपुष्ट, विष मात्र जवळजवळ बंद.

का? पापेनहायमर यांची कल्पना देखणी होती: लोहाविना उघडा पडलेला, सायटोक्रोम या लोहधारी श्वसनद्रव्याचाच प्रथिनभाग म्हणजे हे विष. पण १९५१ मध्ये फ्रीमन यांनी दाखवलं, की फाज नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर निरुपद्रवी जिवाणूही विषारी होतो. पुढे विषाचा जनुकच फाजचा निघाला आणि सायटोक्रोमची कल्पना मोडीत निघाली. मग बार्क्सडेल म्हणाले, लोह घटलं की फाज जागा होतो, त्याबरोबर विष येतं. तेही टिकलं नाही. फाजची वाढ न होताही विष बनतं.

उलगडा झाला १९९० मध्ये. जनुक पाहुण्याचा, कुलूप मात्र घरमालकाचं! ‘डीटीएक्सआर’ हे जिवाणूचं स्वतःचं प्रथिन लोहाशी जुळलं की त्या जनुकाआधीच्या डीएनएवर बसतं आणि विष थांबवतं. लोह गोळा करणारी जिवाणूची यंत्रणाही तेच बंद करतं.

पण लोहाचंच कुलूप का? विष सोडून पेशी मारायच्या आणि त्यांतलं लोह लुटायचं, हा जिवाणूचा डाव असल्याचं काही जण मानतात. मला ते अर्धंच पटतं. आपल्या शरीरात ट्रान्सफेरिन आणि लॅक्टोफेरिन मोकळं लोह उरूच देत नाहीत. तेव्हा लोहाची टंचाई म्हणजे जिवाणूला ‘माणसात पोचलो’ अशी खूण, असं माझं मत. शिगेला डिसेंटरी या आमांशाच्या जिवाणूचं विषही लोह रोखतं, पण तिथलं प्रथिन वेगळं, ‘फर’. दोन निराळ्या कुळांनी एकच खूण धरली, हा मला योगायोग वाटत नाही. फाजने ते कुलूप कधी आणि कसं पत्करलं? यजमानाच्याच डीएनएचा तुकडा उचलून, असा माझा अंदाज, पुरावा नाही.

त्रिगुणी लशीतला घटसर्पाचा घटक याच विषाला निष्प्रभ करून बनतो, आणि ते विष पिकवताना रश्श्यातलं लोह आजही बेतानेच ठेवावं लागतं.