शब्दकोशावरची दोन नावे

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६८ साली उर्दू-मराठी शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यावर दोन नावे आहेत : श्रीपाद जोशी आणि प्रा. एन. एस. गोरेकर. जोशी मराठीतले लेखक, तर निजामुद्दीन गोरेकर फारसी-उर्दूचे अभ्यासक. उर्दू-मराठीची चर्चा निघाली की आपण भाईचाऱ्याची भाषणे देतो. पण भाषणांनी जे होत नाही ते असल्या जाड, कंटाळवाण्या वाटणाऱ्या पुस्तकांनी होते.

या कामाला दोन माणसे का लागतात, हे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला वर्गात रोज कळते. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, मराठीत पहिलवानांचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. मदरशात मूल पहिल्यांदा हातात घेते तो ‘कायदा’ म्हणजे अक्षरओळखीचे पुस्तक, कोर्टात तोच शब्द वेगळा. उर्दूत ‘राजीनामा’ म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेली तडजोड, मराठीत नोकरी सोडल्याचा कागद. शब्द एकच, पण नदी ओलांडली की त्याचा धंदा बदलतो. एका काठावर बसणाऱ्याला हा बदल दिसत नाही. म्हणून दुसऱ्या काठावरचा माणूस शेजारी लागतो.

ही रीत जुनी आहे. स्पेनमधले टोलेडो, म्हणजे अरबांचे तुलैतुला, १०८५ साली ख्रिस्ती राजाच्या ताब्यात गेले, पण तिथली अरबी विद्या संपली नाही. बाराव्या शतकात तिथे इब्ने सीनांचा आत्म्याविषयीचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, तो दोघांच्या मेहनतीने. अवेंदौथ हा ज्यू विद्वान अरबी वाक्य वाचून त्याचा अर्थ तिथल्या बोलीत सांगायचा आणि गुंदिसाल्वी हा ख्रिस्ती धर्मगुरू तो लॅटिनमध्ये लिहून घ्यायचा. ग्रंथ मुसलमानाचा, वाचणारा ज्यू, लिहिणारा ख्रिस्ती. ज्या काळात क्रुसेडची युद्धे चालू होती, त्याच काळातली ही गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धात युरोपने एकमेकांची शहरे बेचिराख केली. त्यानंतर तिथल्या अनुवादकांनी हीच रीत पुन्हा उचलली. १९७८ साली जर्मनीतल्या श्ट्रालेन या छोट्या गावात अनुवादकांसाठी एक घर उभे राहिले. त्यात पुढाकार होता सॅम्युअल बेकेटचे जर्मन अनुवादक एल्मार टोपहोवेन यांचा. टोलेडोचा दाखला त्यांच्यासमोर होता. गाव नेदरलँड्सच्या सीमेला लागून. देशोदेशीचे अनुवादक तिथे राहतात, एकमेकांना अडलेले शब्द विचारतात, भल्यामोठ्या ग्रंथालयात कोश चाळतात. असे घर बर्लिनमध्ये नाही तर एका सीमेवरच्या गावात निघाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

एका अनुवादाने काय होते? हामर-पुर्गश्टालने हाफिज शिराजींचा दिवान १८१२-१३ मध्ये जर्मनमध्ये आणला. तो वाचून गटेने स्वतःचा ‘दिवान’ लिहिला, १८१९ मध्ये. त्याला अल्लामा इक्बालांनी १९२३ मध्ये ‘पयामे मशरिक’ या फारसी संग्रहातून उत्तर दिले. शंभर वर्षांनी उत्तर आले, पण आले. मधला अनुवादक नसता तर ही बातचीत सुरूच झाली नसती.

आता आपल्याकडे बघू. आपल्या वाशीम जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा आहे. एके काळी अलीकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचा मराठवाडा होता. घरात दोन्हीकडे मराठी, पण पलीकडे सरकारदरबारी उर्दू. त्याच निजामी मराठवाड्यात, निलंग्याला, १९१० साली सेतुमाधवराव पगडी जन्मले. निजामाच्या नोकरीत अधिकारी झाले, गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले आणि गालिबच्या गझला मराठी वाचकापर्यंत पोहोचवल्या. आत्मचरित्राला त्यांनी ‘जीवनसेतू’ हे नाव दिले, ते उगीच नाही. उलट दिशेने सलाम बिन रज्जाक यांनी काम केले. मुंबईत शिक्षकी करत त्यांनी स्वतःच्या उर्दू कथा लिहिल्या आणि मराठी साहित्य उर्दूत नेले. २०२४ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न मला सतावतो. आपल्या घरांमध्ये आता दोन प्रकारची मुले आहेत. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला आजोबांच्या कपाटातली उर्दू पुस्तके वाचता येत नाहीत, कारण लिपीच ओळखीची नाही. उर्दू शाळेतले मूल मराठीचा पेपर पास होण्यापुरता सोडवते, पण मराठी कादंबरी हातात घेत नाही. म्हणजे सीमा आता नदीवर नाही, ती एकाच घरातल्या दोन भावंडांमध्ये आली आहे. शेजारच्या हिंदू मुलाची गोष्ट तर त्याहून पुढची.

यासाठी अकादमीची वाट बघायला नको. कितीतरी गावांत जिल्हा परिषदेची मराठी शाळा आणि उर्दू शाळा हाकेच्या अंतरावर असतात. आठवड्यातून एक तास दोन्हीकडची मुले एकत्र बसवावीत. उर्दूवाल्याने गोष्टीतले एक वाक्य वाचून त्याचा अर्थ बोलीत सांगावा, मराठीवाल्याने ते मराठीत उतरवावे. पुढच्या आठवड्यात उलट करावे. अडलेल्या शब्दांची यादी फळ्यावर लिहावी. पहिल्याच दिवशी ‘तालीम’वर भांडण होईल. ते होऊ द्यावे, कारण दोघांनाही एकमेकांचा अर्थ तिथेच कळेल. वर्षाअखेर वीस पानांची वही तयार झाली, तर तिच्यावर दोन्ही मुलांची नावे लिहावीत.