वेरूळची जैन लेणी : एका दिवसाची तीर्थयात्रा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काय लिहावे, याचा विचार करीत असता काही वर्षांपूर्वी प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत समाजाने काढलेली वेरूळची सहल डोळ्यांसमोर उभी राहिली. ध्वजवंदन आटोपून जालन्याहून आमची बस निघाली. बसमध्ये आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या होत्या. णमोकार मंत्राने प्रवासास प्रारंभ झाला.

वेरूळ मला नवे नव्हते. व्यापारानिमित्त आलेल्या पाहुण्यांना घेऊन मी अनेकदा तेथे गेलो होतो. परंतु दरवेळी १६ क्रमांकाचे कैलास लेणे पाहून परतत असे. जैन लेणी उत्तरेच्या टोकाला, थोडी दूर. ऊन आणि वेळ यांचे निमित्त मला पुरेसे होई. आपलाच ठेवा पाहायचा राहून गेला, याची खंत त्या दिवशी प्रथम जाणवली.

३० ते ३४ क्रमांकाची ही लेणी साधारणतः इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांत, राष्ट्रकूटांच्या राजवटीत कोरली गेली. याच घराण्यातील सम्राट अमोघवर्ष (इ. स. ८१४ ते ८७८) हा आदिपुराणकर्ते आचार्य जिनसेन यांचा भक्त होता. त्याच्याच काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला व त्याच्या आरंभी अमोघवर्षाचा गौरव केला. व्याज, भागीदारीतील वाटणी, सोन्याचा कस यांची गणिते त्या ग्रंथात आहेत. वाणिज्य शाखेत शिकताना हे नाव माझ्या कानी कधी पडले नव्हते; माझ्यासारख्या व्यापाऱ्याला त्याचे अप्रूप वाटल्यावाचून कसे राहील?

३२ क्रमांकाचे लेणे ‘इंद्रसभा’ म्हणून ओळखले जाते. हत्तीवर आरूढ झालेल्या यक्षास पूर्वी लोक इंद्र समजले आणि आम्रवृक्षाखालील सिंहारूढ अंबिकेस इंद्राणी. त्यावरून हे नाव रूढ झाले. प्रांगणात अखंड पाषाणातील चौमुख मंदिर व हत्ती आहे. आत एकीकडे कमठाचा उपसर्ग शांतपणे सोसणारे भगवान पार्श्वनाथ, तर दुसरीकडे अंगावर वेली चढल्या तरी ध्यानातून न ढळणारे बाहुबली. एक बाहेरून आलेला छळ सोसतो आहे, दुसऱ्याने जिंकलेले राज्यही सोडले आहे. छतावर जुन्या रंगकामाचे अवशेष अद्याप दिसतात.

तेथे एका लहान मुलाने मला विचारले, “आजोबा, ही मूर्ती कोणी दिली? नावाची पाटी कुठे आहे?” मंदिरातील संगमरवरी फलक पाहत वाढलेल्या मुलाचा तो साधा प्रश्न होता. मी निरुत्तर झालो. इतके मोठे काम ज्यांनी केले, त्या बहुतेकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत.

दुपारी आम्ही डोंगरावरील पार्श्वनाथांच्या दर्शनास गेलो. येथे मात्र लेख आहे. शके ११५६ मध्ये, म्हणजे इ. स. १२३५ च्या सुमारास, वर्धनपूरच्या घराण्यातील चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने येथे जिनमूर्ती घडविल्या आणि भरत चक्रवर्तीने कैलास पर्वत पावन केला त्याप्रमाणे हा ‘चरणाद्रि’ तीर्थ केला, असा त्याचा आशय आहे. लेख होता, म्हणून साडेसातशेहून अधिक वर्षांनंतर आम्हाला त्या दात्याचे नाव आणि काळ कळला.

परतीच्या प्रवासात मी अस्वस्थ होतो. आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धारानंतर लागलेल्या फलकावर माझे नाव चौथ्या ओळीत आले, म्हणून मी कित्येक दिवस रुसून होतो. विश्वस्तांनी समजूत काढली, तरी सभेला गेलो नव्हतो. त्या मुलाला उत्तर देताना ते सारे आठवले आणि माझी मलाच लाज वाटली.

सूर्यास्तापूर्वी वाटेत बस थांबवून सर्वांनी डबे सोडले. तेथेच मी ती गोष्ट विश्वस्तांपुढे बोलून दाखविली. ते केवळ हसले व म्हणाले, “आपल्या ट्रस्टची पहिली वही पाहा.” दुसऱ्या दिवशी मी ती पाहिली. पहिल्याच पानावर ओळीने तीन नोंदी होत्या : रक्कम, तारीख आणि पुढे एकच शब्द, ‘गुप्तदान’.

मला वाटते, वेरूळने आपल्याला दोन्ही गोष्टी शिकविल्या. दान करताना नाव विसरावे. परंतु समाजाने कार्याची नोंद मात्र चोख ठेवावी, कारण नोंद नसेल तर पुढच्या पिढीच्या प्रश्नाला उत्तर उरत नाही. या सुवर्णमहोत्सवी वर्षात जुन्या वह्या, इतिवृत्ते आणि छायाचित्रे जतन करण्याचे काम आपण हाती घ्यावे, एवढीच नम्र विनंती. त्या कामासाठी मी दुकानातून दररोज एक तास काढीन. फलकाची आवश्यकता नाही.

जय जिनेंद्र!