विनायक पांडुरंग करमरकर

विनायक पांडुरंग करमरकर (१८९१ – १९६७) हे व्यक्तिशिल्पे व स्मारकशिल्पे यांसाठी प्रसिद्ध असलेले मराठी शिल्पकार होते. 'नानासाहेब' या नावाने ते ओळखले जात.

जीवन
करमरकरांचा जन्म अलिबागजवळील सासवणे येथे झाला. घरी गणेशमूर्ती घडवल्या जात. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र पाहून कुलाब्याचे जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांनी त्यांना मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत पाठवले. तेथे त्यांना लॉर्ड मेयो पदक मिळाले. पुढे त्यांनी कलकत्त्यात कार्यशाळा चालवली आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिक्षण घेतले.

शिवस्मारक
पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील अश्वारूढ शिवपुतळा ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती होय. काम अल्प मुदतीत पुरे करायचे होते. सुमारे साडेतेरा फूट उंच व आठ टन वजनाचा हा ब्राँझचा पुतळा मुंबईत माझगाव गोदीत एकसंध ओतण्यात आला. सुटे भाग ओतून जोडताना एखादा भाग फसल्यास तेवढाच पुन्हा ओतता येतो. एकसंध ओतकामात मात्र चुकीला वाव नव्हता. १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले.

उत्तरायुष्य
'शंखध्वनी' हे त्यांचे नावाजलेले शिल्प आहे. सासवण्यात त्यांनी कोळीण, म्हैस यांसारखे भोवतालचे विषय सिमेंटमध्येही साकारले. भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. सासवण्यातील त्यांचे राहते घर आता शिल्पसंग्रहालय आहे.