पदकाच्या काठावरचे नाव

एखादे राज्य मावळले म्हणजे त्याचे निशाण उतरते, टपालाची तिकिटे बदलतात, नाण्यांवरील राजाचा मुखवटा नाहीसा होतो. परंतु त्या राज्याने सैनिकांच्या छातीवर लावलेली पदके सहसा कोणी परत मागत नाही. ती ट्रंकेच्या तळाशी, जुन्या सनदांच्या घडीत पडून राहतात आणि पुढे एक दिवस संग्राहकाच्या पेटीत किंवा सोनाराच्या मुशीत जातात. या दोहोंत फार मोठे अंतर आहे, आणि आमचा आजचा विषय तोच आहे.

ब्रिटिश साम्राज्य ओसरताना पदकांतही कसे स्थित्यंतर झाले, याचे बोलके उदाहरण म्हणजे १९४७ चे भारतीय स्वातंत्र्य पदक. त्याच्या एका बाजूस अशोकचक्र आहे. पण त्या चक्रावर ब्रिटनच्या राजाचा मुकुट आहे! दुसऱ्या बाजूस सारनाथचे सिंह, आणि फीत केशरी, पांढरी व हिरवी. चक्र आणि मुकुट एकत्र कसे आले, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत भारत स्वतंत्र असला तरी डोमिनियन होता, व सहावा जॉर्ज नावाचा का होईना, राजा होता. पाकिस्तानच्या स्वातंत्र्य पदकावरही एका बाजूस राजाची मुद्रा आणि दुसऱ्या बाजूस नवे निशाण आहे. इतिहासाची अडीच वर्षे एका चकतीत सामावलेली अशी दुसरी वस्तू क्वचितच सापडेल. म्हणूनच संग्राहकांना तिचे मोल वाटते.

प्रजासत्ताक स्थापन होताच, २६ जानेवारी १९५० रोजी, परमवीर, महावीर आणि वीर चक्रांची स्थापना झाली व ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आली. परमवीर चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी केला. जन्माने त्या युरोपीय. मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून त्या भारतीय झाल्या. मुकुटाच्या जागी त्यांनी इंद्राचे वज्र आणले. १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर तर भवानी तलवार आहे. त्याच्या फितीवरील पट्ट्या वाचल्या, की जम्मू-काश्मीर, कोरिया, नागा टेकड्या, गोवा १९६१ असा स्वतंत्र भारताच्या सैन्याचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. जुनी ब्रिटिश पदके लावण्यास नव्या राज्याने मनाई केली नाही; त्यांचा क्रम तेवढा शेवटी गेला.

आता आपल्या समाजाकडे वळू. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल तरुण कंपनी सरकारच्या मुंबई पलटणींत भरती होत होते. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, हे आपण मुलांना सांगतोच. पुढे अनेक घरांतून सुभेदार, जमादार, हवालदार निघाले. हाइम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापलेल्या इतिहासात या सैनिकांना मोठे स्थान दिले आहे. पुढे सैन्याची जातवार फेररचना झाली. आपला समाज लहान, स्वतंत्र कंपनी मिळणे अशक्य, म्हणून तो ओघ आटला. तरीही स्वतंत्र भारताच्या सेवेत आपली माणसे होतीच. व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहाम सॅमसन १९६५ च्या युद्धाच्या वेळी भारतीय ताफ्याचे प्रमुख होते.

या सैनिकांचे नाव कोठे टिकले? पुष्कळदा पदकाच्या काठावर. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या काठावर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. कारकुनाने स्पेलिंग कसेही केलेले असेल, कोकणातील गावावरून पडलेले आडनाव गाळले असेल; पण माणूस तोच. पदक चांदीचे, वजन सुमारे पावणेतीन तोळे. खेचरवाले, पाणके अशा सोबतच्या लोकांना मात्र तेच पदक काशाचे मिळाले. चांदीचे पदक वितळले, काशाचे वाचले, असा दैवाचा खेळ! १९८० च्या आरंभी चांदीचा भाव गगनाला भिडला, तेव्हा ही पदके मोठ्या संख्येने मुशीत गेली. कोणाच्या तरी आजोबांचे पैंजण झाले आणि नाव पुसले गेले.

पोटासाठी पदक विकणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. जाणत्या संग्राहकाच्या हाती गेलेले पदक निदान नावासह जिवंत राहते. मात्र तुकड्यातुकड्यांनी विकू नये. एका सैनिकाची चार पदके एकत्र असली तरच त्याची कहाणी सांगतात. चार ठिकाणी पांगली तर चौघेही मुके.

म्हणून वाचकांना काही विनंत्या. पदक राखेने वा चिंचेने घासू नये. काठावरील अक्षरे झिजतात. जुनी फीत जीर्ण असली तरी फेकू नये. काठावरचा मजकूर अक्षरशः उतरवून, छायाचित्रासह मुलांजवळ द्यावा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात पदकप्राप्त सैनिकांच्या याद्या आहेत. क्रमांक आणि पलटण हाती असली की शोधास दिशा मिळते. भारतात राहिलेल्या नातेवाइकांकडून पदक मागवण्यापूर्वी हेही ध्यानात असावे, की १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत.

हैफा २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या भारतीय घोडदळांनी जिंकले. त्या शहराच्या रस्त्यांवरून आज आपली नातवंडे शाळेत जातात. त्यांना राजांची नावे पाठ नसली तरी चालेल. पण आपल्या पणजोबांचे नाव कोणत्या धातूच्या काठावर कोरले आहे, एवढे त्यांना ठाऊक असावे.