विस्तवाचा वारा

आमच्याकडं बाळंतिणीच्या खोलीचे दोन कायदे होते. एक, तिला वारा लागता कामा नये. दुसरा, तिच्या बाजेखाली विस्तव पाहिजे. म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, दाराला गोधडी टांगायची आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा-शेपा टाकून शेक द्यायचा. हे दोन कायदे एकमेकांचे वैरी आहेत, हे कुणी बोलत नसे. विस्तवालाही श्वास लागतो, आणि तो त्याच खोलीतून घेतो.

जुन्या घरात हे निभावून जाई. कौलांतून, कुडातून, दाराखालून वारा न बोलावता यायचा. म्हातारी माणसं थंडीनं कुरकुरायची, पण त्याच फटींनी कैक बाळंतिणी राखल्या. मग स्लॅबची घरं आली आणि फटी बुजल्या. अशाच एका नव्या खोलीत माझी चुलतबहीण बाळंत झाली. तिसऱ्या पहाटे तिचं डोकं ठणकायला लागलं, ओकाऱ्या झाल्या, उठायला गेली तर पाय लटपटले. दृष्ट लागली म्हणून बायकांनी मीठमोहऱ्या घेतल्या. सुईण आली ती आधी शेगडी उचलून अंगणात ठेवून आली, मग दार सताड उघडलं. म्हणाली, "आदी वारं येऊ द्या, मग दिष्ट काढा." दुपारपर्यंत बहीण सावरली.

निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. कोंडलेल्या खोलीत तो साठत जातो, रक्तात प्राणवायूची जागा अडवतो आणि झोपलेलं माणूस झोपेतच जातं.

ज्या मुलखात थंडीचे महिनेच्या महिने घरात विस्तव लागतो, तिथं या कोड्यावर फार आधी विचार झाला. फ्रान्सच्या गोजेनं 1713 साली शेकोटीला बाहेरची हवा पुरवण्याच्या रचनांवर पुस्तक लिहिलं. पुढं 1744 साली फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिननं, त्याच विजेचा प्रयोग करणाऱ्या पतंगवाल्यानं, आपल्या नव्या शेगडीवर पुस्तिका छापली. उघडी शेकोटी खोलीतली हवा धुराड्यातून ओढून नेते. तिच्या जागी फटीतून गार वारा शिरतो. तोंड भाजतं नि पाठ गारठते. फटी बुजवल्या तर धूर उलटतो. फ्रँकलिननं जमिनीखालून वाट काढून बाहेरची हवा शेगडीच्या पोटात आणली. तिथं तापून ती खोलीत येई. शिवाय तळाशी झाकणाचं एक भोक होतं. ते उघडलं की हवा थेट जाळावर. फुंकणीची गरजच नाही. या शेगडीचं पेटंट देऊ केलं असता त्यानं ते नाकारलं.

1785 साली युरोपातून परतताना जहाजावर त्यानं धूर टाकणाऱ्या धुराड्यांवर लांबलचक पत्र लिहिलं. त्यात पहिलं कारण दिलं ते नव्या, घट्ट बांधणीच्या घरांचं. परीक्षाही सोपी सांगितली: दार थोडं उघडा, धूर वर जायला लागला तर समजा, विस्तवाला हवा कमी पडत होती.

आपल्याकडं 1983 साली सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आमच्या आळीतही धुराडी उभी राहिली. धूर कुठून जाणार ते सगळ्यांनी पाहिलं. वारा कुठून येणार ते कुणी विचारलं नाही. बंद घरात चूल धूर उलटा टाकायला लागली की बायका मागचं दार किलकिलं करीत. फ्रँकलिनचं नाव त्यांच्या कानावर कधी आलं नव्हतं.

आता थंड देशांत बंद झाकणाच्या शेगड्यांना भिंतीतून स्वतंत्र नळी जोडता येते. विस्तव बाहेरची हवा घेतो, धूरही बाहेर टाकतो. खोलीतला श्वास खोलीतल्या माणसांना राहतो. आपल्या उघड्या शेगडीला अशी नळी लावता येत नाही. तिच्यापुरतं सुईणीचंच शास्त्र खरं: पेटती आहे तोवर दार उघडं, आणि डोळा लागायच्या आत शेगडी अंगणात.