शब्दवेध : मिशनरी

‘मिशनरी’चं मूळ लॅटिन ‘मित्तेरे’ या धातूत. अर्थ पाठवणं, धाडणं. ग्रीक ‘अपोस्तोलोस’ म्हणजेही धाडलेला, म्हणून मराठी बायबलात ‘प्रेषित’. ‘पाद्री’ मात्र पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आला, तो आपल्या ‘पितृ’चा भाऊबंद. पुढे मराठीत ‘मिशनरी वृत्ती’ म्हणजे सेवेचा ध्यास असा अर्थ रुळला. त्याला धर्माची अट उरली नाही.

कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना कुणी समुद्रापलीकडून धाडलेलं नव्हतं, तरी त्यांची वृत्ती मिशनरीच होती. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातल्या निराधार मुली केडगावला आणल्या. तिथल्या त्यांच्या ‘मुक्ति’ मिशनमध्ये शिकणं, शेती, विणकाम आणि छापखाना हाच दिनक्रम होता. हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम त्या १९२२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत करत राहिल्या.