शेऱ्यापासून प्रत्याभरणापर्यंत

आपल्या शाळेत गृहपाठाच्या वहीवर लाल शाईने जो मजकूर उमटे, त्याला आपण ‘शेरा’ म्हणत असू. ‘आकृती पुन्हा काढावी’, ‘एकके लिहावीत’, आणि पुष्कळदा नुसतीच एक तिरपी रेघ. शेरा वाचला की वही मिटायची. उलट विचारण्याची पद्धत नव्हती. पुढे नोकरीनिमित्त मी म्हैसूरला आलो आणि भौतिकशास्त्र शिकवता शिकवता येथलाच झालो. मुलांनी संगणकावर स्वतः रचलेल्या भौतिक दृश्यांवर अभिप्राय कसा द्यावा, हा प्रश्न मला येथे भेटला. हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय काहींना परका वाटेल. ज्यांनी वह्या तपासल्या आहेत त्यांना वाटणार नाही.

ज्या दशकात आपली शाळा उभी राहिली त्याच दशकात, १९६३ मध्ये, म्हैसूरला प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. अजमेर, भोपाळ आणि भुवनेश्वर ही त्याची भावंडे. विषयज्ञान आणि अध्यापनशास्त्र एकत्र शिकवणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम हे या महाविद्यालयांचे वैशिष्ट्य. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांचे सहकारी ‘सूक्ष्म अध्यापना’ची पद्धत घडवीत होते. तिथे पाठाचे चित्रीकरण करून तो शिक्षकाला दाखवीत. आपल्याकडे ती यंत्रे बहुतेक महाविद्यालयांना परवडणारी नव्हती. म्हणून भारतीय रूपात सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसू लागले आणि तेच निरीक्षकही झाले. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनरध्यापन आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण, असे हे छत्तीस मिनिटांचे चक्र. ‘प्रत्याभरण’ हा बोजड शब्द बी.एड. केलेल्या प्रत्येकाने पाठ केला आहे. त्याचे मर्म मात्र त्या बारा मिनिटांत आहे. शेऱ्यानंतर वही मिटते. येथे अभिप्रायानंतर काम पुन्हा उघडते.

संगणकाच्या बाजूची कथा याच सुमारास सुरू होते. १९६७ मध्ये सिमोर पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. तिच्यातले कासव आज्ञा मिळताच पडद्यावर रेघा काढी. पुढे अँड्रिया डिसेसा यांनी न्यूटनचे नियम पाळणाऱ्या कासवाचा अभ्यास केला. हे कासव हुकूम दिल्यावर वळून चालू लागत नसे. त्याला फक्त ‘लाथ’ मारता येई. वर सरकणाऱ्या कासवाला उजवीकडच्या लक्ष्यावर न्यायचे म्हणून सहावीतली मुले त्याला उजवीकडे लाथ मारीत, आणि कासव तिरपे जाई, कारण वर जाण्याचा आधीचा वेग त्याच्यात शिल्लकच असे. वस्तू ढकलाल त्याच दिशेला जाते, ही ॲरिस्टॉटलची समजूत मुलांच्या हातून पडद्यावर उतरत होती. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एम.आय.टी.मधील एका विद्यार्थिनीचीही सुरुवात तशीच झाली, हे वाचून मला, खरे सांगायचे तर, हायसे वाटले होते. कासवाने शेरा दिला नाही. ते तिरपे गेले, एवढेच. ते तिरपे का गेले, हे विचारायला मात्र शेजारी कोणीतरी माणूस लागे.

१९८९ मध्ये डेव्हिड बझुकी यांच्या कंपनीने ‘इंटरॲक्टिव्ह फिजिक्स’ आणले. त्यात पुस्तकातले प्रयोग मांडायचे होते. मुले त्यात गाड्यांच्या टकरी रचू लागली. या अनुभवातूनच बझुकी पुढे ‘रोब्लॉक्स’कडे वळले. २००८ मध्ये स्वीडनच्या उमिओ विद्यापीठातील एमिल एर्नेरफेल्ट या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाच्या कामातून ‘फन’ ही प्रणाली जगापुढे ठेवली. तीच पुढे ‘अल्गोडू’ झाली. त्यात हाताने चौकोन काढावा, तो लगेच खाली पडतो. बिजागरी लावावी, दोरी बांधावी, पाणी ओतावे, घर्षण कमी-अधिक करावे. या रचनेला ‘दृश्य’ म्हणतात. ते जपून ठेवता येते आणि दुसऱ्याला देता येते. म्हणजे ते तपासायलाही येते.

महाराष्ट्रात या प्रवाहाचा एक धागा रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथे सापडतो. २००७ मध्ये तेथील एकशिक्षकी मराठी शाळेतल्या मुलांना प्रत्येकी एक लहान हिरवा-पांढरा लॅपटॉप मिळाला. त्या लॅपटॉपवरील ‘शुगर’ या प्रणालीत पुढे दृश्ये रचण्याचा ‘फिजिक्स’ नावाचा उपक्रमही तयार झाला. मला महत्त्वाची वाटते ती शुगरमधली रोजनिशी. मूल जे जे करील त्याची नोंद तीत आपोआप राही. अभिप्राय देणाऱ्याला केवळ शेवटचे दृश्य नव्हे, तर त्यामागची वाटही दिसावी, ही त्यामागची दृष्टी.

ही दृष्टी माझ्याकडे नव्हती. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका मुलाने अशाच एका प्रणालीत दृश्य रचले होते. दहा सेंटिमीटर व्यासाचा चेंडू पंचेचाळीस मीटर उंचीवरून दहा सेंटिमीटर जाडीच्या आडव्या फळीवर सोडलेला, हवेचा रोध बंद. चेंडू फळीतून आरपार गेला. मी वर्गासमोर म्हणालो, “फळी पक्की करायला विसरलास.” तो काही बोलला नाही.

फळी पक्की होती. अशा प्रणाली काळाचे तुकडे करून गणित करतात, बहुधा सेकंदाला साठ. पंचेचाळीस मीटर पडलेल्या चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे तीस मीटर होतो, म्हणजे एका तुकड्यात तो अर्धा मीटर पुढे जातो. चेंडू आणि फळी मिळून जाडी वीस सेंटिमीटर. एका क्षणी चेंडू फळीच्या वर, पुढच्या क्षणी खाली. मध्ये काय घडले हे संगणकाने पाहिलेच नाही. चूक मुलाची नव्हती आणि निसर्गाची तर नव्हतीच. दृश्य पाहताना मुलाची समजूत, त्याची मांडणी आणि यंत्राचे गणित या तिन्ही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. वहीतल्या आकृतीत हा तिसरा भागीदार कधी नव्हता, हे माझ्या ध्यानात आले नाही.

ध्यानात आले ते त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या. चार दिवसांनी तिने विचारले, “सर, पाच मीटरवरून सोडला तर थांबतो. असं का?” पाच मीटरवरून पडलेल्या चेंडूचा वेग सुमारे दहा मीटर, एका तुकड्यात सतरा सेंटिमीटरही नाहीत. वीसच्या आत. तिने उंची तीच ठेवून फळी एक मीटर जाडही करून पाहिली होती, तेव्हाही चेंडू थांबला होता. मी फळ्यावर गणित मांडले आणि त्या मुलाला म्हणालो, की मागच्या वेळी मी चुकलो होतो, तुझे दृश्य उघड, सगळ्यांना दाखवू.

त्याने ते त्याच दिवशी पुसून टाकले होते. दोघांनी मिळून ते आठवून पुन्हा रचले. फळीची जाडी किती होती यावर त्यांचा थोडा वाद झाला. त्या तासाला बाकी काही शिकवून झाले नाही.